पणजीचा ठेवा

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा व वयोवृद्ध यांच्या सन्मानार्थ पाळण्याची प्रथा सुरू केली. संत ज्योकीम आणि संत अ‍ॅना, म्हणजे प्रभू येशूचे आजी-आजोबा, यांचा सण २६ जुलैला येतो. त्याला लागूनच हा रविवार. आमच्या खानदेशातील धर्मग्रामात त्या दिवशी आम्ही एक लहानसा उपक्रम करतो. घरात जपून ठेवलेली एखादी जुनी वस्तू मुलांनी शोधायची आणि ती ज्यांची होती त्यांचे स्मरण म्हणून चित्र काढायचे. मिस्सा आटोपल्यावर ती चित्रे चर्चच्या व्हरांड्यात दोरीवर लावली जातात आणि चहा घेता घेता सारी कुटुंबे ती पाहतात.

मागच्या खेपेस नेहमीप्रमाणे तांब्याची घागर होती, जपमाळ होती, एका काडीचा चष्मा होता, कव्हर गेलेले प्रार्थनेचे पुस्तक होते. भुसावळच्या रेल्वेत आयुष्य काढलेल्या कुणा पणजोबांचा हातकंदील होता. चित्रे नीटनेटकी होती, रंगही सढळ हाताने भरलेले होते. मात्र आम्ही थबकलो ते आठवीतल्या एका मुलीच्या चित्रापाशी. तिच्या घरी पणजीच्या जात्याचा फक्त लाकडी खुंटा आहे. कुटुंब गाव सोडून शहरात आले तेव्हा जात्याच्या जड तळ्या गावीच राहिल्या आणि खुंटा तेवढा ट्रंकेत आला. मुलीने कागदभर तो खुंटाच काढला होता आणि त्याला धरलेले दोन हात, एक सुरकुतलेला व एक तिच्या वयाचा. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "फादर, पणजीला मी पाहिलेलं नाही. पण खुंटा हातात धरला की एका बाजूला खळगा लागतो. तिथं तिचा अंगठा असायचा, असं आजी सांगते. माझा अंगठापण बरोब्बर तिथंच बसतो."

बाकीच्या चित्रांत वस्तू होत्या. या चित्रात वस्तूची झीज होती, आणि त्या झिजेत पणजी होती. चित्रकला म्हणून पाहिले तर हातांची प्रमाणे चुकलेली होती, करंगळी कोपऱ्यात कोंबलेली होती. तरी या चित्रासमोर माणसे बोलायची थांबत होती. असे का व्हावे, हा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. न पाहिलेल्या पणजीचे स्मरण एखाद्या ठेव्याच्या आधाराने कलेत करायचे, तर ते खरे उतरले हे कशावरून ओळखावे? सुदैवाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी खानदेशाबाहेर जावे लागत नाही. जळगावच्या मातीतच त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. ते म्हणजे बहिणाबाई चौधरी यांची गाणी आणि त्यांच्यामागे लेकाने व समाजाने त्यांचे केलेले स्मरण.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले, तिसाव्या वर्षी वैधव्य आले. दोन मुलगे, एक मुलगी, शेती, गुरे आणि घरातील वाटण्यांचे ताप, असा तो प्रपंच. अक्षरओळख नव्हती. दळताना, कांडताना, शेतात काम करताना गाणे आपोआप येई. धाकटा मुलगा सोपानदेव शिकला, पुढे कवी झाला. तो आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी यांतील काही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती हस्तलिखित वही आचार्य अत्रे यांना दाखवली. हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा अपराध ठरेल, अशा आशयाचे उद्गार अत्र्यांनी काढले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

आज शाळेत त्यांची कविता शिकणाऱ्या मुलांच्या हिशेबाने बहिणाबाई पणजीच्या, कदाचित खापरपणजीच्याही पिढीच्या ठरतात. अत्र्यांपुढे ठेवलेली ती वही मुळात एका घरातला ठेवा होती. आईच्या मागे राहिलेली भांडीकुंडी, लुगडी जशी कुणीतरी जपून ठेवतो तशीच ती जपलेली होती. म्हणून तिच्याकडे साहित्याचा ग्रंथ म्हणून पाहण्याआधी घरातला ठेवा म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

'ठेवा' हा शब्द खुद्द बहिणाबाईंनी वापरलेला आहे आणि तो वैधव्याच्या गाण्यात आहे. पती देवाघरी गेला, पण जाताना मागे ठेवा ठेवून गेला, असे त्या म्हणतात. हा ठेवा कोणता? दागिना नव्हे, पागोटे नव्हे, शेताचा तुकडाही नव्हे. डोळ्यांपुढे वावरणारी लेकरे हाच तो ठेवा, आणि त्यांच्याकडे पाहून त्या आपल्या जिवाला रडू नको असे बजावतात. त्याच गाण्यात कुंकू पुसले गेल्याचे आणि गोंदण मात्र राहिल्याचे येते, बांगड्या फुटल्याचे आणि मनगटातले कर्तृत्व शिल्लक असल्याचे येते. तिशीतल्या विधवेने केलेली ही ठेव्याची व्याख्या आम्हांस फार मोलाची वाटते. तिच्या लेखी, गेलेल्या माणसामागे ज्याच्यासाठी उद्या सकाळी उठून राबावे लागते तो ठेवा. कपाटात ठेवून विसरता येते ते या व्याख्येत बसत नाही.

ही व्याख्या हाती धरून आता बहिणाबाईंच्या स्मरणासाठी जे जे झाले ते तपासून पाहू.

पहिले काम सोपानदेवांचे. ते स्वतः कवी होते. 'काव्यकेतकी'सारखा संग्रह त्यांच्या नावावर आहे आणि त्यांच्या कवितेची भाषा त्या काळच्या सुशिक्षित कवींची प्रमाण मराठी आहे. आईची गाणी लिहून घेताना ती थोडी 'सुधारावी' असा मोह त्यांना होणे अगदी स्वाभाविक होते. खेडवळ बोलीला साहित्यात मान नव्हता. अशिक्षित आईची भाषा चारचौघांत वाचून दाखवताना शिकलेल्या मुलाला संकोच वाटावा, असाच तो काळ होता. सोपानदेवांनी हा मोह टाळला. लेवा पाटीदार समाजाच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तिथे डोया असतो, काळा तिथे काया असतो. ही रूपे त्यांनी कायम ठेवली. जात्याला घरोट म्हणायचे तर घरोटच ठेवले. पेरणीपासून उपणणीपर्यंतचे शेतीचे शब्द, वहीत नसले तरी बांधावर जिवंत असलेले, तसेच उतरवले. मुलाने आईला प्रमाण मराठीचे नवे लुगडे नेसवून फोटोसाठी बसवले नाही. आमच्या मते 'बहिणाबाईंची गाणी' या पुस्तकाचे निम्मे यश या संयमात आहे.

कुणाच्याही मनात अशी शंका येऊ शकते की, लेक कवी असताना यातले कितीसे आईचे आणि कितीसे लेकाचे? शंका रास्त आहे. तिच्याकडे पाठ फिरवू नये. मात्र तिचे उत्तर पुस्तकातच शोधावे. सोपानदेवांची स्वतःची कविता आणि ही गाणी शेजारी ठेवून वाचली तर दोन वेगळी माणसे बोलत आहेत हे कान सांगतो. लेकाची कविता कल्पनेकडून वस्तूकडे येते; आईची वस्तूकडून निघते आणि वस्तूला सोडत नाही. मनाची चंचलता सांगायची तर पिकात शिरलेले, कितीदा हाकलले तरी परत येणारे गुरू तिच्या डोळ्यांपुढे येते. संसाराची गोष्ट सांगायची तर चुलीवरचा तवा येतो. ज्याने गुरे हाकलली नाहीत आणि ज्याच्या हाताला चटका बसलेला नाही त्याला असे सुचणे कठीण. लिहून घेताना एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल. असे कुठल्याही मौखिक गाण्याचे होतेच. पण गाण्याचा कणा आईचाच आहे.

एक गोष्ट मात्र कागदावर येताना निसटली, आणि तो लेकाचा दोष नव्हे, कागदाचा आहे. बहिणाबाईंच्या कित्येक गाण्यांच्या आरंभी एकच शब्द लागोपाठ दोनदा येतो. नुसते वाचताना ती लडिवाळ पुनरुक्ती वाटते. जात्यावर बसलेल्या बाईला मात्र तिचे कारण सांगावे लागत नाही. पहिल्या उच्चाराला खुंटा पुढे जातो, दुसऱ्याला तो वळसा घेऊन परत येतो, आणि हाताला लय सापडली की मग ओळ पुढे सरकते, असे आम्हांस ही गाणी मोठ्याने म्हणून पाहताना जाणवले. घरोटातून जसे पीठ पडते तसे माझे गाणे पोटातून ओठांवर येते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. हे केवळ रूपक नाही, ती गाण्याच्या उत्पत्तीची साधी नोंद आहे. म्हणूनच ही गाणी मनातल्या मनात वाचणाऱ्याला अर्धीच भेटतात.

आता लोकांनी केलेल्या स्मरणाकडे वळू. १९६१ सालच्या 'मानिनी' या चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतासह बहिणाबाईंची गाणी आली. ज्या घरांत पुस्तक कधीच पोचले नसते तिथे ती रेडिओवरून पोचली. आमच्या आईलाही ती तशीच पाठ झाली होती. हे ऋण आधी मान्य करावे आणि मगच तक्रार करावी. तक्रार अशी की, वाद्यमेळाच्या साथीत चटका गोड झाला. संसाराचे गाणे आज लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापले जाते, सुखी संसाराच्या शुभेच्छा म्हणून म्हटले जाते. त्या गाण्याचा खरा दंश असा की भाकरी हाती येण्याआधी हात भाजतात, आणि हे सांगणारी बाई तिशीत विधवा झालेली आहे. स्मरण गोड करण्याच्या नादात आपण पणजीचे दुःख हळूच बाजूला ठेवतो. हसणारी, प्रेमळ, लाडू वळणारी पणजी आपल्याला हवी असते. पाहुण्यांसमोर अपमान गिळलेली, दुष्काळात मुलांना अर्धपोटी झोपवलेली पणजी चित्रात मावत नाही.

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनने बहिणाबाईंच्या स्मृतींचे संग्रहालय उभे केले आहे. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे जपलेल्या आहेत. जयंतीला व पुण्यतिथीला घरची मंडळी आणि जळगावकर तिथे एकत्र येतात. हे काम मोलाचे आहे. इतकी मोठी कविता इतक्या साध्या घरातून आली, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येते. ते हजार व्याख्यानांनी साधले नसते. तरीही संग्रहालयाला एक मर्यादा असतेच. मांडून ठेवलेली वस्तू झिजायची थांबते, आणि वस्तू झिजायची थांबली की तिच्यात नवा अंगठा बसत नाही. म्हणून अशा घरातून बाहेर पडताना पाहणाऱ्याने एखादे गाणे तोंडात घेऊन निघावे. तसे झाले नाही तर तो केवळ भांडी पाहून आला.

१९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. कधी शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाच्या पदवीपत्रावर यावे, यात एक काव्यगत न्याय आहे. परंतु नाव देणे हा स्मरणाचा सर्वांत सोपा प्रकार आहे. त्या विद्यापीठात शिकणारा खेड्यातला मुलगा वर्गात आपली बोली बोलताना लाजत असेल, तर पाटीवरचे नाव त्याच्या उपयोगाचे नाही.

जळगावहून धुळ्याला आले की या विषयाची दुसरी बाजू दिसते. धुळे हे कागद जपणारे शहर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यावरच्या गाठोड्यांतून जुनी दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड प्रसिद्ध केली. ते १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही त्यांचा संग्रह सांभाळते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थसंप्रदायाची हस्तलिखिते गोळा करून धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर उभारले. हे सारे काम तपश्चर्येचे आहे. पण ज्यांच्या घरी कागद होता त्यांचेच पूर्वज त्या दप्तरांतून बोलू शकले. राजवाडे दप्तरे शोधीत हिंडत होते त्याच काळात जळगावच्या एका घरात एक बाई दळता दळता गात होती, आणि तिच्या गाण्याचे दप्तर कुठल्याही माळ्यावर नव्हते. ते तिच्या गळ्यात होते. लेक लिहायला शिकला नसता तर ते तिच्याबरोबर चितेवर गेले असते. अशा किती जणींचे गेले असेल, याचा विचार मन विषण्ण करतो.

आपल्या ख्रिस्ती साहित्यातही याला जुळणारा एक प्रसंग आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) या रीतसर शाळा न शिकलेल्या बाईंकडून 'स्मृतिचित्रे' लिहून झाली, त्यामागे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा आग्रह होता. पुढे त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती नातू अशोक टिळक यांनी सिद्ध केली. दोन आया, दोन मुलगे. एकीचा गळा, एकीची लेखणी, पण दोघींच्या वेळी घरातल्या कुणीतरी वेळेवर म्हटले, "आई, सांग. मी ऐकतो आहे." लक्ष्मीबाईंनाही कुणी शुद्धलेखनाच्या चौकटीत बसवले नाही, म्हणून आजही पुस्तक उघडले की त्या समोर बसून बोलू लागतात.

आता आमच्याच अंगणात पाहू. ख्रिस्तसभेने ओवीचा मान फार पूर्वी ओळखला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवीच निवडली. ख्रिस्ताची कथा या भूमीवर सांगायची तर आयाबायांच्या ओठी रुळलेल्या छंदात सांगावी लागेल, हे त्या परदेशी येशूसंघीयाला उमगले. पण त्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती घरांतील लग्नप्रसंगीच्या ओव्यांना मनाई झाली. एका शतकात जी गोष्ट सुवार्तेचे वाहन होती ती पुढच्या शतकात संशयित ठरली. धर्मगुरू म्हणून हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. पणज्यांची गाणी काळाच्या ओघात हरवली, असे म्हणून आम्हांस सुटता येत नाही.

आणि इतिहासातल्या हुकूमनाम्यांपर्यंत तरी कशाला जावे? आम्ही नुकतीच गुरुदीक्षा घेऊन एका खेड्यातील धर्मग्रामात सेवेस होतो. तिथे एक वृद्ध बाई प्रायश्चित्तकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या ओव्या गात असत. जाते केव्हाच परसात पडले होते. सूर तेवढा उरला होता. त्यांच्या एका ओवीत मरियामाता क्रूस वाहणाऱ्या लेकाकडे पाहते आणि डोक्यावरच्या काट्यांआधी तिची नजर पायांकडे जाते. वाटेवरचा काटा तर मोडला नाही ना, असे ती विचारते. रानातून अनवाणी पोर घरी आले की कुठलीही शेतकरी आई आधी तेच पाहते. सेमिनरीत मरियाशास्त्राचा अभ्यास करताना इतके साधे आणि खोल काही आम्ही वाचले नव्हते. एके दिवशी बाई म्हणाल्या, "फादर, येवढं लिवून घ्या. माझ्यामागं कुनाला यायचं न्हाई." आम्ही म्हणालो, "पास्कासणानंतर निवांत बसू." आम्ही त्या वेळी नव्या गीतपुस्तकाच्या कामात गुंतलो होतो, चर्चमध्ये चांगली, शुद्ध भाषेतील गीते यावीत अशी आमची तळमळ होती. पावसाळ्यात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. दफनविधी आम्हीच केला. नंतर त्यांच्या नातसुनेला विचारले तर तिला अर्धी ओळ आठवली. त्या काट्याच्या ओवीचा भावार्थ तेवढा आम्हांपाशी आहे, शब्द नाहीत. गीतपुस्तक छापून झाले. त्यातले एकही गीत त्या ओवीच्या तोडीचे नव्हते.

याच महाराष्ट्रात, फ्रान्समधून १९७२ साली पुण्यास येऊन स्थायिक झालेले गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येऊ लागल्या. परक्या देशात जन्मलेल्या माणसाला जे ऐकू आले ते आम्हां गावच्या मेंढपाळांना ऐकू येऊ नये, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते.

आम्ही कॅथोलिक माणसे वस्तूंचा अनादर करणारी नव्हेत. संतांचे अवशेष आम्ही भक्तिभावाने जपतो. पण ते परंपरेने कुठे ठेवले जातात? वेदीत. ज्या वेदीवर रोज भाकर घेतली जाते, मोडली जाते आणि वाटली जाते, तिच्या पोटात. अवशेषाच्या अंगावरच रोजचे काम चालते. प्रभूनेही आपले स्मरण करायला सांगितले ते एका कृतीतून. आणि त्या कृतीसाठी लागणारी भाकर कुणीतरी दळल्याशिवाय होत नाही. संत पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव घेतो. तिने मागे कोणती वस्तू ठेवली हे तो सांगत नाही. तिच्या ठायी असलेला विश्वास आधी मुलीत आणि मग नातवात उतरला, एवढेच सांगतो. बहिणाबाईंची ठेव्याची व्याख्या आणि प्रेषिताची व्याख्या यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

आता त्या व्हरांड्यातल्या चित्राकडे परत येतो. ते का भिडले याचे उत्तर आम्हांस असे सापडते. इतर मुलांनी ठेवा समोर ठेवून त्याची प्रतिमा काढली. या मुलीने आधी तो हातात धरला, पणजीच्या अंगठ्याच्या जागी आपला अंगठा ठेवला आणि मग काढले. सोपानदेवांनी आईच्या शब्दाला आपला शब्द न चिकटवता जागा करून दिली, तेच या मुलीने नकळत केले. तिने पणजीचा चेहरा काढला नाही, कारण तो तिने पाहिलेला नाही. न पाहिलेले सजवून काढण्याऐवजी हाताला लागले तेवढेच तिने काढले. या प्रामाणिकपणामुळेच करंगळी चुकली तरी चित्र बरोबर आले.

एक उणीवही सांगितली पाहिजे, कारण केवळ कौतुक करणे हे समीक्षेचे काम नाही. चित्रात गाणे नाही. पणजी त्या खुंट्याला धरून काय म्हणत होती, हे मुलीला ठाऊक नाही. तिच्या आजीला ठाऊक असण्याचा संभव आहे. आम्ही तिला तसे म्हणालो. पुढच्या रविवारी ती मिस्सेनंतर आली आणि म्हणाली, "आजीला दोन येतात. तिसरी आठवते म्हणते, पण सुरू कशी होते ते सापडत नाही. खुंटा हातात दिला तर कदाचित आठवेल म्हणते."

आमच्या वाचक कुटुंबांत अजून अशा आज्या आहेत. नगर जिल्ह्यातून आलेल्या आहेत, धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवरच्या आहेत, वसईकडच्या आहेत. प्रत्येकीची बोली वेगळी आहे. ती शुद्ध करायला जाऊ नका. वही घ्या, त्यांच्या शेजारी बसा आणि जसे येईल तसे लिहून घ्या. पास्कासणापर्यंत थांबू नका.

त्या मुलीच्या घरी आम्ही या आठवड्यात जाणार आहोत. वही आमची आहे, खुंटा त्यांचा.